काउफमानचं वाण

काल टॉवेल काढायला जिन्यावरचं एअरिंग कपबर्ड उघडलं आणि हापूसच्या वासाने मला दोन पावलं मागे ढकललं. आत गरम पाण्याची टाकी आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांच्या तीन फळ्या. कुणा इंग्रज माणसाने हे कपाट ओलसर चादरी उबेत वाळाव्यात म्हणून बांधलं. आमच्या घरी मात्र एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चादरींना तिथे जागा मिळत नाही. खालच्या फळीवर कसेबसे टॉवेल मावतात, वरच्या दोन फळ्यांवर वर्तमानपत्रं अंथरून आंबे झोपवलेले असतात. पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते, की टॉवेलला वास येईल, तो साबणाचा नाही.

स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर या महिन्याच्या डोक्यावर ‘अधिक ज्येष्ठ’ असं छापलंय. म्हणजे धोंड्याचा महिना. तो तसा दर तिसऱ्या वर्षी येतोच, पण ऐन आंब्यात फार क्वचित. मागे असा आला होता त्याला आता आठ वर्षं झाली. तो वास आणि ती छापील अक्षरं एकाच दिवशी समोर आली आणि मी टॉवेल न घेताच जिन्यावर बसले.

मे महिन्यातलं रीडिंग, म्हणजे लंडनच्या पश्चिमेचं आमचं हे गाव, मला फार आवडतं. इतकं, की भारतात कुणी ‘तिकडे म्हणे सारखं मळभ असतं’ असं म्हटलं की मी भांडायला उठते. नऊ वाजेपर्यंत उजेड, रस्त्याकडेच्या कुंपणांना पांढरा हॉथॉर्न आलेला, घराघरांतून गवत कापायच्या यंत्रांची घरघर, आणि ज्याला त्याला शिंका. माझ्यासाठी मात्र मे म्हणजे परीक्षा. मी इथल्या एका शाळेत जर्मन शिकवते. पुण्याहून येऊन इंग्रजांच्या पोरांना जर्मन शिकवणारी बाई, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, की जर्मनच का? त्यांना पुणं माहीत नसतं. आमच्या पुण्यात एकेका गल्लीत चार माणसं जर्मन शिकलेली सापडतात आणि त्यातली दोन एकमेकांचे उच्चार सुधारत असतात.

मला ती भाषा अण्णांकडून आली. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात जर्मन शिकवलं. ते शब्द सोलून दाखवायचे. संध्याकाळी भाजी निवडायला बसले तरी हातात गवार आणि तोंडात एखादा शब्द. आईच्या कपाळाला आठी पडायची, कारण शब्द सोलून होईपर्यंत गवार तशीच राहायची. मी मात्र त्या गवारीपाशी बसूनच भाषा शिकले. वर्गात शिकले ते नंतर.

तर आठ वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये शिरीषची नोकरी गेली. शिरीष माझा नवरा. मोटरवेलगतच्या एका काचेच्या ऑफिसात चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहीत होता. एका मंगळवारी त्याला खोलीत बोलावून, पाण्याचा ग्लास पुढे ठेवून, ‘युअर रोल इज रिडंडंट’ असं सांगितलं. घरी येऊन त्याने बूट काढले, जागेवर नीट लावले आणि मला म्हणाला, “मी नाही म्हणे, माझा रोल. माणूस म्हणून मी अजून आहे.” आम्ही दोघं हसलो. मग पंधरा दिवस कुणीच हसलं नाही.

एप्रिलमध्ये त्याच्या देवगडच्या मावसभावाचा फोन आला. बाग त्याची, आंबा त्याचा, पण इंग्लंडात माणूस नव्हता. शिरीषने पन्नास पेट्या मागवल्या. पेटी म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, डझनाचं. हीथ्रोजवळच्या गोदामातून तो त्या गाडीत भरून आणायचा, गॅरेजमध्ये रचायचा आणि शनिवारी लोक येऊन घेऊन जायचे. रीडिंगमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक ओळ टाकली आणि दोन तासांत पन्नासच्या पन्नास गेल्या.

पहिल्या खेपेला आंबा पिकेना. विमानातून तो अर्धाकच्चा येतो, आणि त्या एप्रिलच्या शेवटी अशी काही थंडी पडली होती की गॅरेजमध्ये आपल्याच तोंडातून वाफ निघायची. गवत नाही, ऊब नाही, आढी घालणार कशी? शिरीषने हीटर लावून पाहिला, रजया पांघरून पाहिल्या. शेवटी हात पुसायला टॉवेल घेताना त्याला एअरिंग कपबर्ड सुचलं. तिसऱ्या दिवशी फळाला केशरी रंग धरला. नंतर पेट्या गॅरेजमध्ये आणि त्यातला हट्टी माल वर कपाटात, असा परिपाठच पडला. इतका खुलला होता शिरीष त्या तिसऱ्या दिवशी. चौदा वर्षं त्याने काय लिहिलं ते मला एकदाही वास घेऊन कळलं नव्हतं.

विकायला मात्र तो अगदीच कुचकामी. गिऱ्हाईक पेटी उचलायला वाकलं की हा म्हणायचा, “थांबा, यातले दोन जरा आंबट निघतील, वरून दिसत नाही पण देठाकडे बघा.” हॅरोहून खास गाडी काढून येणाऱ्या देशपांडेकाकू आंबा दाबून बघायच्या, तर त्यांना सांगायचा, “काकू, दाबू नका हो, दुखतं त्याला.” लोक हसायचे आणि एकाऐवजी दोन पेट्या न्यायचे. त्याला ते का, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग अण्णांनी येणार म्हणून कळवलं.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या हयातीत धोंड्याचा महिना कधी चुकला नाही. जावयाला तेहतीस अनारसे, ताटात रचलेले, वर दिवा, त्यावरून पातळ कापड. तेहतीसच का, तर साधारण तितक्या महिन्यांनी हा जास्तीचा महिना येतो. अनारसेच का, तर त्यांना जाळी असते आणि या वाणाला जाळीचंच काही लागतं. आम्ही इंग्लंडात असलो तर आई कुणाबरोबर तरी डबा धाडायची. त्या वर्षी अण्णा म्हणाले, “या वेळी मी स्वतः घेऊन येतो. तुझी आई नाही म्हणून जावयाचं वाण राहिलं असं व्हायला नको.”

मी फोन ठेवला आणि शिरीषला म्हणाले, “अण्णांना सांगायचं नाही.”

“काय सांगायचं नाही?”

“नोकरीचं. आणि आंब्यांचं तर मुळीच नाही.”

“अगं, पण पन्नास पेट्या गॅरेजमध्ये आहेत. त्या काय टेबलाखाली लपवू?”

“मित्राच्या आहेत म्हणायचं. त्याच्याकडे जागा नाही म्हणून ठेवल्यात.”

त्याला हे पटलं नव्हतं. तो म्हणाला होता, मीच सांगतो अण्णांना, पहिल्याच दिवशी, गाडीतच. मी त्याला शपथ घातली. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढची सगळी फजिती माझी आहे.

मला कशाची भीती होती ते सांगते. माझ्या लग्नाच्या वेळी शिरीषच्या आधी एक स्थळ आलं होतं. पुण्यात भर बाजारात भांड्यांचं मोठं दुकान, मुलगा देखणा, शिकलेला. अण्णांनी एका वाक्यात विषय मिटवला. “माणसं चांगली आहेत, पण दुकानात बसणारी आहेत.” आमच्या घरात सात पिढ्या कुणी तराजू धरला नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. आणि आता त्यांनी पसंत केलेला इंजिनिअर जावई सासऱ्यासमोर खोकी उचलणार, हे माझ्या डोळ्यांपुढे येईना. शिरीषला लाज वाटत नव्हती. त्याच्या वतीने ती मला वाटत होती.

अण्णा आले. हीथ्रोवरून घरी येऊन त्यांनी बॅग उघडली, आणि आत अनारशांचा नुसता भुगा. पुण्यातल्या चांगल्या बाईंकडून करून घेतलेले, मोजून तेहतीस. डबा उलटा-सुलटा झाला होता आणि झाकण सुटलं होतं. शर्टांच्या घड्यांतून खसखस सांडत होती. अण्णा तो डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसले. “तुझी आई कसं पॅक करायची गं?” त्यांनी विचारलं. मला आठवेना. मी म्हटलं, हॅरोला बत्तासे मिळतात, ते आणू, बत्ताशालाही जाळी असते. ते म्हणाले, “घाई करू नकोस. महिना सुरू व्हायचाय अजून. बघतो मी.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात नाटक सुरू झालं. सकाळी साडेआठला शिरीष इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून, अण्णांना “येतो हं” म्हणून निघायचा. बॅगेत पोळीभाजीचा डबा आणि गोदामात घालायचे हातमोजे. कधी हीथ्रोला, कधी लायब्ररीत नोकरीचे अर्ज भरायला. साडेसहाला परत. अण्णा विचारायचे, “काय शिरीषराव, आज फार काम होतं?” तो म्हणायचा, “हो अण्णा, होतं थोडं.” हे मात्र तो खोटं बोलत नव्हता.

इकडे मी सवयीप्रमाणे अण्णांचे धुतलेले बनियन एअरिंग कपबर्डमध्ये ठेवत होते. खालच्या फळीवर बनियन, वरच्या दोन फळ्यांवर हापूस. आता हसू येतं. पण ओलसर कपडे तिथेच जातात, हे माझ्या हातांनी वीस वर्षांत इतकं पाठ केलं होतं, की डोक्याला त्यांनी विचारलंच नाही. रोज सकाळी आंघोळ करून अण्णा ज्या बनियनमध्ये शिरायचे, त्याला देवगडचा वास यायचा.

आमची मुलगी मैत्रेयी तेव्हा सोळाची. तिची शाळेची शेवटची मोठी परीक्षा चालू होती आणि विषयांत जर्मन होतं. एका रविवारी संध्याकाळी, भरपूर ऊन असताना, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती व्यवसायांचे शब्द पाठ करत बसली. समोर आजोबा. मी चहा करत होते, शिरीष सिंकपाशी कप विसळत होता. तिचं मराठी आमच्या घरासारखंच आहे, निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं.

“आजोबा, माझी पेपर ट्यूजडेला आहे आणि हे सगळं अजून व्हायचंय. काउफमान म्हणजे बिझनेसमन ना? पण मग त्याच्यात बिझनेस कुठे आहे?”

अण्णांचे डोळे चमकले. गवार निवडायला घेतली की चमकायचे तसेच.

“बिझनेस नाहीच त्यात. त्यात एक दारूवाला बसलाय,” ते म्हणाले.

“व्हॉट? रिअली?”

“ऐक. ऱ्हाइन नदीच्या काठाने रोमन लोकांच्या छावण्या होत्या. छावणी म्हटली की तहानलेले शिपाई आले, आणि शिपायांच्या मागोमाग त्यांना वाइन विकणारा आला. खोपटं टाकून बसायचा, वाइन विकायचा, रात्रीपुरती पथारी द्यायचा, सुईदोरासुद्धा ठेवायचा. त्याला लॅटिनमध्ये म्हणायचे काउपो. नदीपलीकडचे जर्मन कातडी, मध असलं काही घेऊन यायचे ते याच्याकडे. त्यांना रोमचा राजा दिसला नाही, कवी दिसला नाही. त्यांना दिसला हा, पिंपामागचा माणूस. त्याच्याच नावावरून त्यांनी विकत घेण्याचं क्रियापद केलं. काउफन. आणि ते ज्याचं काम, तो काउफमान. काही पंडित दुसरं मूळ सांगतात, पण बहुतेकांना हेच पटतं.”

“मग रोमन लोक त्याला रिस्पेक्ट द्यायचे?”

“छे! वाइनमध्ये पाणी घालतो म्हणून शिव्या द्यायचे. चारचौघांत त्याच्या पंक्तीला कुणी बसायचं नाही. पण गंमत बघ. जर्मनांनी त्या शब्दाला कोट-टोपी चढवली. पुढे शेकडो वर्षं काउफमान म्हणजे गावातला प्रतिष्ठित गृहस्थ. त्याच शब्दाचा भाऊ तुमच्या इंग्रजीत आला, तो झाला चॅपमन. दोन्ही तुकडे तेच. पण इकडे तो पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार हिंडला, आणि हळूहळू नाहीसाच झाला. आता फक्त आडनावात उरलाय.”

“मिस्टर चॅपमन!” मैत्रेयी ओरडली. “आमची केमिस्ट्रीची टीचर! ओ माय गॉड, मी उद्या सांगणार त्यांना.”

“जरूर सांग. आणि चीप म्हणता ना तुम्ही, तोही याच घरातला. आधी त्याचा अर्थ होता सौदा, बाजार. लंडनमधलं चीपसाइड म्हणजे जुनी बाजारपेठ. शब्द एकच, नदी ओलांडली तर वर चढला, समुद्र ओलांडला तर खाली उतरला. त्यात त्या बिचाऱ्या काउपोचा काय दोष?”

मी चहाचे कप टेबलावर ठेवून त्यांच्यासमोर बसले. मैत्रेयीने पेन खाली ठेवलं. “सो डॅड इज अ काउफमान! कारण सॅटर्डेला तो मँगोज...”

मी टेबलाखालून जोरात पाय मारला.

“शुभा,” अण्णा शांतपणे म्हणाले, “माझा पाय आहे तो.”

“ते... शिरीषच्या मित्राचे आंबे आहेत ना अण्णा, गॅरेजमध्ये,” मी म्हटलं. “त्याला मदत करतो शिरीष. शनिवारचा.”

“असं का,” अण्णा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

शिरीषने नळ बंद केला. हात न पुसताच तो मागच्या दाराने बागेत गेला आणि सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालू लागला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. मैत्रेयी माझ्याकडे बघत होती. ती बघण्याची तऱ्हा मी विसरलेले नाही. तिला चूक काय झाली ते कळत नव्हतं, आणि मला ते तिला समजावून सांगता येत नव्हतं.

नंतर मी त्या दारूवाल्याचा खूप विचार केला. वर्गात मी काउफमान हा शब्द शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता. त्याच्या पोटातली गोष्टही मला ठाऊक होती, लहानपणी गवारीबरोबर ऐकलेली. पण ती मी कधी आपल्या घराला लावून पाहिली नव्हती. आपणसुद्धा बाजार, दुकान, सौदा हे शब्द बाहेरून येणाऱ्यांकडूनच घेतले की. घेताना आपल्याला कमीपणा वाटला नाही. रोज सकाळी आपण दुकानात जातो, दुकानदाराशी हसून बोलतो, त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही, आणि मुलीच्या लग्नाची वेळ आली की म्हणतो, दुकानात बसणारी माणसं आहेत. मी ज्या माणसाला अण्णांच्या नजरेपासून वाचवत होते, त्याला त्याची गरजच नव्हती. वाचवत होते मी स्वतःला. हे लिहायला मला आज सोपं जातं, त्या रविवारी नव्हतं.

त्याच आठवड्यात उन्हाने डोकं वर काढलं. मेअखेरच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीआधीचे दोन-तीन दिवस असं तापलं, की एप्रिलमध्ये जे गॅरेज बर्फाचं होतं तेच आता भट्टी झालं. शनिवारी सकाळी शिरीषने दार उघडलं आणि मला हाक मारली. सत्तर पेट्या एकदम पिकल्या होत्या. आंबे आणखी दोन दिवस टिकले असते तर भाग्य. वास तर असा, की पलीकडच्या घरातला केन बागेतून मान उंच करून विचारत होता, काय शिजवताय?

दहा वाजल्यापासून लोक यायला लागले. ड्राइव्हवेवर रांग लागली. बेसिंगस्टोकहून आलेलं एक जोडपं, हॅरोच्या देशपांडेकाकू, स्लाउची चार पोरं. शिरीष प्रत्येकाला तेच सांगत होता, “आज-उद्या संपवा, परवावर ठेवू नका. एक पेटी कमी घ्या, पण वाया घालवू नका.” मी दारात यादी घेऊन उभी होते. अण्णांना मी मुद्दाम मागच्या बागेत खुर्ची टाकून बसवलं होतं, हातात वर्तमानपत्र देऊन.

रांगेत मला ते आधी दिसलेच नाहीत. दिसली ती त्यांची काठी आणि कापडी पिशवी. घराच्या बाजूच्या फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून ते पुढच्या अंगाला आले होते आणि बेसिंगस्टोकच्या जोडप्याच्या मागे उभे होते. अंगात जाकीट, पायात पॉलिश केलेले बूट. जोडप्यातल्या मुलीने त्यांना म्हटलं, “आजोबा, तुम्ही पुढे या ना.” ते म्हणाले, “नको, रांग आहे.”

शिरीषनेही त्यांना पाहिलं. दोन पेट्या उचललेल्या होत्या, त्या त्याने कुणाला दिल्या ते त्यालाही आठवत नसेल. मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. एकेक माणूस पुढे गेला आणि अण्णांची पाळी आली.

“शेठ,” अण्णा म्हणाले, “तीन पेट्या द्या.”

“अण्णा, अहो तुम्ही कशाला... घरात आहेत ना आंबे.”

“घरातले तुमचे. मला माझे हवेत.”

शिरीष पेट्यांकडे वळला, तीन निवडल्या, वरचं झाकण उघडून दाखवलं. आणि मग त्याच्याने राहवेना. “अण्णा, खरं सांगतो, उन्हाने हे सगळे एकदम तयार झालेत. तीन पेट्या तुम्हाला फार होतील. आज-उद्यापलीकडे नाही राहायचे.”

“हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता?”

“सांगावंच लागतं.”

“आणि मला मात्र गेले दहा दिवस सांगत होतात, ऑफिसला जातो म्हणून.”

आवाज खालचा होता, पण मला ऐकू आला, देशपांडेकाकूंनाही आला असावा. शिरीषची मान खाली गेली. “चूक झाली, अण्णा,” तो म्हणाला.

“त्याची नाही, माझी चूक आहे!” मी ओरडलेच. अख्खी रांग माझ्याकडे वळली. “तो पहिल्या दिवशीच सांगणार होता. मी शपथ घातली. मला वाटलं, तुम्ही...”

“मला काय वाटेल ते मला विचारायचं होतंस,” अण्णा म्हणाले. “तिसऱ्याच दिवशी माझ्या बनियनने सगळं सांगितलं. जावई तोंडाने कधी सांगतायत, याची वाट बघत होतो.” मग त्यांनी शिरीषसमोर पिशवी धरली. “चला, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका. मागे माणसं आहेत.”

पुण्याहून लंडन बघायला म्हणून बदलून आणलेले पौंड त्यांनी खिशातून काढले. शिरीष घेईना. अण्णांनी हात मागे घेतला नाही. शेवटी देशपांडेकाकू म्हणाल्या, “घे रे बाबा, ऊन लागतंय सगळ्यांना,” तेव्हा त्याने घेतले.

दुपारी सगळं आवरल्यावर अण्णांनी माझ्याकडे परात मागितली. निरांजन लावायला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर बसून त्यांनी तिन्ही पेट्या सोडल्या आणि एकेक आंबा पुसून परातीत रचायला लागले. मैत्रेयी मोजत होती. तेहतीस झाल्यावर ते थांबले. वर निरांजन ठेवलं आणि त्यावरून आपलं उपरणं धरलं. ते मात्र नीट घडी घालून पुण्याहून आणलेलं होतं.

“याला जाळी नाही,” ते म्हणाले. “तुझ्या आईने मला हे करू दिलं असतं की नाही, देव जाणे. पण अनारशांचं काय झालं ते ती बघतच असेल. शिरीषराव, या. पाटावर बसा.”

शिरीष हात धुऊन आला. त्याच्या शर्टाच्या बाह्यांना रस लागला होता. परात बघून तो म्हणाला, “अण्णा, अहो, पण हे माझेच आंबे आहेत.”

“सकाळपर्यंत होते. मी ते रांगेत उभं राहून तुमच्याकडून विकत घेतले. आता ते माझे आहेत. माझे आहेत म्हणून तर तुम्हाला देता येतात.”

वाण देऊन जावयाला नमस्कार करायचा असतो. अण्णा वाकायला लागले, तर शिरीषने त्यांचे दोन्ही हात धरले आणि तो रडला. त्या मंगळवारी पाण्याचा ग्लास पुढे आला तेव्हा तो रडला नव्हता, पंधरा दिवसांच्या शांततेत रडला नव्हता. मीही रडले. मैत्रेयीने निरांजन धरलं, नाहीतर उपरणं पेटलं असतं.

उरलेले तीन आंबे अण्णांनी बाजूला ठेवले होते. एक मला, एक मैत्रेयीला, एक स्वतःला. आम्ही ते मागच्या पायरीवर बसून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खाल्ले. परातीतले तेहतीस दोन दिवसांत संपवायचे होते, म्हणून शिरीषने रस केला आणि केनसकट अख्ख्या गल्लीला बोलावलं. केनने तीन वाट्या घेतल्या आणि विचारलं, हा कुठला सण? मैत्रेयी म्हणाली, सन-इन-लॉ डे. मला त्याहून बरं भाषांतर सुचलं नाही.

शिरीषला त्या सप्टेंबरात पुन्हा नोकरी लागली. ती चांगली आहे, पण आंबे त्याने सोडले नाहीत. दरवर्षी एप्रिलमध्ये तो ग्रुपवर एक ओळ टाकतो आणि गॅरेज झाडून घेतो. मैत्रेयी आता लेस्टरच्या एका हॉस्पिटलात काम करते आणि तिच्या वॉर्डातल्या नर्सबायांच्या ऑर्डरी तीच घेते. अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे विमान बंद. यंदाचं धोंड्याचं वाण कसं करायचं याबद्दल ते महिनाभर फोनवर एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, विसरले असतील. या वयात चालायचंच.

काल मी जिन्यावर बसले होते तेवढ्यात शिरीष खालून फोन घेऊन धावत वर आला. शनिवारच्या पेट्यांसाठी ग्रुपवर नावं घ्यायला त्याने दहाच मिनिटांपूर्वी सुरुवात केली होती. अण्णांना त्या ग्रुपवर कुणी घेतलं, हे मला लेस्टरला विचारावं लागेल. पहिलीच ऑर्डर त्यांची होती. बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलेली, पण शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली.

‘शेठ, तीन पेट्या. पोहोचवण्याचा पत्ता तुमचाच. तेहतीस परातीत ठेवून शुभाकडून घ्यावेत. उरलेल्यांपैकी एक तिला, एक मैत्रेयीला. तिसरा गिऱ्हाइकाचा आहे. तो तुम्ही खावा आणि कसा निघाला ते मला खरं खरं कळवावं.’